वीतभर फरक

माझी आत्या मोजणीदार. भिंतीवर फोटो लावला की लांबूनच म्हणायची, "डावीकडे उतरलाय." आणि उतरलेलाच असायचा. बाबांनी शेवटी फोटो लावायचंच सोडून दिलं.

दोन शेजारी बंदरं जोडणारा लांबलचक पूल बांधायला घेतला, तेव्हा काम दोन्ही किनाऱ्यांवरून एकदमच सुरू झालं. आत्या आमच्या बाजूला होती. एकदा तिने दुर्बिणीतून पलीकडचा तोवर उभा राहिलेला शेवटचा खांब पाहिला, आकडा लिहिला, खोडला, पुन्हा पाहिलं. तो खांब आमच्यापेक्षा वीतभर उंच होता.

उंची मोजायची ती समुद्राच्या पाण्याच्या ठरलेल्या पातळीपासून, म्हणजे शून्यापासून, आणि प्रत्येक बंदराची धक्क्यावर कोरलेली आपापली शून्याची खूण. नकाशावर नुसतं 'शून्यापासून' लिहिलेलं. कुणाचं शून्य, हे कुणी विचारलंच नव्हतं. शेजारी ती, एकमेकांना विचारतील कशाला!

"यंत्र तपासा तुमचं," मुख्य इंजिनियर म्हणाले.

"तपासलं. तीनदा. काम थांबवा."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"तर नोकरी सोडते. लिहून देते."

दिलंही लिहून! अठरा वर्षांची नोकरी. बाबांनी कपाळाला हात लावला.

मग आठ दिवस होडीने ये-जा करत ती दोन्ही धक्क्यांच्या खुणा ताडून पाहत होती. पलीकडचा मोजणीदार, आठ्या घालूनच जन्मलेला माणूस, आधी हसला; मग स्वतःच पट्टी धरून उभा राहिला. नवव्या दिवशी दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या. फरक बावीस सेंटीमीटर. उरलेल्या सहा खांबांत तो थोडा थोडा जिरवायचं ठरलं. आत्याचा राजीनामा मात्र इंजिनियरसाहेबांच्या खणातच राहिला. "आधी जोड बसू दे," ते म्हणाले.

वर्षभराने मधला शेवटचा तुकडा खाली उतरला आणि असा बसला की मुंगीही अडखळू नये. दोन्हीकडचे कामगार एकमेकांच्या गळ्यात पडले. साहेबांनी सगळ्यांदेखत तो राजीनामा टराटरा फाडला. मला अभिमानाने रडूच फुटलं.

आत्याने चपला काढल्या, माझा हात धरला आणि डोळे मिटून चालायला लागली.

"जोड आला की सांग हं. पायाला कळतो का बघते."

"आत्या," मी म्हटलं, "तो कधीच मागे गेला. तू पलीकडच्यांच्या पुलावर आहेस."