तोंड रस्त्याकडे

मुंबईच्या विमानतळावर उभ्या विमानांना वीज देणारा जनरेटर सांभाळून आमच्या गावातले एक काका निवृत्त झाले आणि वरंधला परतले. तेव्हापासून कुणाच्याही दारात गेले, की आधी मोटरसायकल वळवून तिचं तोंड रस्त्याकडे करतात आणि मगच रामराम घालतात. आम्ही हसायचो.

माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला भाड्याचा, चाकांवरचा जनरेटर आला. त्याचा ओढायचा दांडाही त्यांनी रस्त्याकडेच करून घेतला. पुढ्यात गाड्या लावणाऱ्या पालकांशी ते भांडले.

"पेटला तर ओढून न्यायचा कुठून, गुरुजी?"

चांगल्या दिवशी हे काय बोलणं! मला रागच आला.

पोरांचा नाच रंगात आला आणि जनरेटरमधून धूर निघाला. कुणीतरी बादली उचलली.

"पाणी नाय! पाणी नाय!" ओरडत ते धावले. त्यांनी बटण दाबून तो बंद केला, स्टेजकडे जाणारी वायर सोडवली आणि चौघांना हाताशी धरून त्या मोकळ्या वाटेनं जनरेटर लांब ओढून नेला. मग शाळेच्या लाल सिलिंडरमधली पावडर त्यावर मारली.

नंतर ते पायरीवर बसलेले दिसले. रिकामा सिलिंडर अजून हातातून सोडला नव्हता.

"तुम्हाला तर अशा प्रसंगांची सवय असेल," मी म्हणालो.

"उभं विमान बहुतेक वेळा रिकामं असायचं, गुरुजी. इथं पोरं नाचत होती."