शेवटचा पत्रा

ही गोष्ट मी अजून आरशालाही सांगितलेली नाही — आणि आरशासमोर माझं काय काय चालतं, विचारूच नका. मॅनेजर, कुकर, बंद पडणारी रिक्षा — सगळ्यांचे आवाज काढतो मी. हसू येतंय ना? हसा. थोडा वेळ हसून घ्या.

राखोलीत आमच्या कंपनीचा पाण्याचा पंप नदीत तरंगतो. म्हणजे पोंटूनवर बसवलाय — पोंटून म्हणजे आतून पोकळ अशी मोठी लोखंडी पेटी. गंजून भोक पडलं की बुडाली. म्हणून दर मे महिन्यात ती काठावर ओढायची आणि वाजवायची. मी आत शिरून पत्र्यावर हातोडी मारणार, बाहेरून दळवीकाका त्याच पत्र्याला कान लावणार. ‘टण्ण’ — पत्रा चांगला. ‘ठप्प’ — गंजानं खाल्लेला, कापून नवा लावा. जाडी मोजायचं मशीन होतं की ऑफिसात! पण काका मालवणचे, उभा जन्म बोटी वाजवण्यात गेलेला. "मशीन खोटा बोलात, लोखंड नाय," म्हणायचे. मग मशीन कोण काढणार?

त्या संध्याकाळी अथालला मित्राची हळद होती. माईक माझ्याकडे. एकच पत्रा राहिलेला. मारली हातोडी.

ठप्प.

बाहेरून काका — "परत मार रे मेल्या, नीट!"

आता ठप्प म्हणजे काय? कापणं, वेल्डिंग, हळद गेली. मग मी — कसं सांगू — हातोडी मांडीवर ठेवली. तोंड पत्र्याला टेकवलं. ओठांवर गंजाची चव. आणि काढला आवाज. टण्णण्ण. त्या पोकळ अंधारात तो असा घुमला, की माझ्याच अंगावर काटा आला. माझा वाटलाच नाही तो.

"घंटा आसा घंटा!" काका खूश. खडूनं बरोबरची खूण केली.

हळदीत मी काकांचीच नक्कल केली. लोक लोळले हसून.

पावसात पोंटून एका बाजूनं बुडाला. वर कोणी नव्हतं — हे मी स्वतःला रोज सांगतो. फाटलेला पत्रा तोच. मॅनेजरनं सगळ्यांदेखत विचारलं, "दळवी, ऐकू येतं का तुम्हाला?"

"कान माझो गेलो, साहेब," काका म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते घरी.

मी शेजारीच उभा होतो. जगाचे आवाज काढणारा मी — आणि माझा?

काका आता डोकमर्डीच्या खोलीत बसून वाजवत असतात. डबा, बादली, खिडकीचा गज. कान खरंच गेला का, ते तपासतात. मी दर रविवारी जातो. एक सांगू? ते भिंतीवर बोट वाजवतात, आणि मला टण्णण्ण ऐकू येतं. विटांची भिंत हो! बादलीतून, उंबऱ्यातून — माझ्याच तोंडचा तो आवाज. काकूंना काहीच ऐकू येत नाही.

गेल्या रविवारी काकांनी मला पाठमोरं बसवलं. पाठीवर बोटानं दोनदा वाजवलं. मग कान टेकवला. मी श्वास धरला.

"ह्यो आवाज मी ऐकलेलो आसा," ते म्हणाले. "पोंटूनात."

मग माझा शर्ट नीट केला, आत काकूंना हाक मारली — "गो, चाय टाक झिलाक." झिल म्हणजे पोरगा. म्हणजे मी.

चहा आला. मी तोंड उघडलं.

चहा प्यायला. तेवढ्यासाठीच.