मामाच्या घशातच राहिलेली पावडर

दिनूमामा चार वर्षं रोज औषध घेत होता आणि ते छातीत पोचतच नव्हतं.

हे मला कळलं गेल्या महिन्यात. मला. जिचा सगळा रिसर्च याच औषधाच्या पावडरवर आहे.

मामा आज सकाळी गेला.

त्यानं इथल्याच मंडी मोहल्ल्यात आयुष्यभर कापड रंगवलं. छातीचा त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी पावडरचा इन्हेलर दिला. कॅप्सूल घालायची, जोरात श्वास ओढायचा.

मी लॅबमध्ये त्या पावडरच्या कणांचा आकार बघते. गुळगुळीत कण एकमेकांना चिकटतात, खडबडीत सुटे राहतात. लांबट कण हवेबरोबर खोलवर जातात.

मामाला सांगितलं की हसायचा. "पावडरला आकार पण असतो काय गं, पमे?"

मग म्हणायचा, "पण घशात पीठ बसतंय बघ. आत काय जात नाही."

"गुळणी कर मामा, सरि आगुत्ते. होईल बरं."

दर वेळी हेच. फोनवर. पेपर लिहिता लिहिता.

गेल्या महिन्यात ॲडमिट केलं तेव्हा नर्स कन्नडमध्ये म्हणाली, "अज्जा, हेगे तगोतीरा? तोरिसि." आजोबा, कसं घेता, दाखवा.

मामानं इन्हेलर तोंडाला लावला आणि आधी आत जोरात फुंकर मारली. मग ओढलं.

मी बघतच राहिले.

श्वासाची ओल लागली की पावडरच्या गुठळ्या होतात. मग कुठला आकार आणि कुठलं काय! सगळं घशातच.

"रोज असंच घेतोस?"

"मग? फुंकून साफ नको करायला?"

नर्सनं दोन मिनिटांत शिकवलं. मामानं नीट ओढलं, थोडा थांबला, म्हणाला, "आत गेलं गं आज."

पण फुप्फुसं फार थकली होती तोवर.

राग कुणावर काढू? चिठ्ठी लिहून देणाऱ्यावर? डबी हातात ठेवणाऱ्यावर? डबीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर?

मायक्रोस्कोपखाली हजारो कण पाहिले मी. मामाला औषध घेताना एकदाही पाहिलं नाही. मी राहते त्या गोकुलमहून स्कूटरवर किती लांब होता तो?

घरात कुणी इन्हेलर घेत असेल तर आज त्यांच्यासमोर बसा. "घेतलं का?" एवढंच विचारून उठू नका.

मामा, तू त्रास सांगत होतास आणि मी तुला उत्तरं देत होते.

माफ कर. शेवटचा नमस्कार.