घरट्याशेजारची काठी

धानाच्या शेतात सारसाचं घरटं एकदा सापडलं, म्हणून दुसऱ्यांदा सापडेलच असं नसतं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन महिना झाला की सगळ्या बांध्या, शेतातली ती लहान खाचरं, सारख्याच दिसतात आणि घरट्याचा तो तणसाचा, गवतकाडीचा, ओला ढीग दहा पावलांवरूनही नजरेला पडत नाही. म्हणून मी घरट्यापासून दोन हातांवर बांबूची काठी रोवायची आणि तिच्या टोकाला लाल चिंधी बांधायची. पीएचडीच्या पहिल्याच पावसाळ्यात ही युक्ती मला सुचली. मला तिचा अभिमान होता. पुढे प्राणिशास्त्राची प्राध्यापक झाले तेव्हा हाताखालच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी ती शिकवली.

त्या पावसाळ्यातलं एक घरटं दवनीवाड्याच्या पलीकडच्या एका लहान गावात, एका शेतकऱ्याच्या बांधीत होतं. माणूस तेव्हा पस्तिशीचा असेल. त्याच्या घरी मी ओले कपडे बदलायची. त्याची बायको मला चुलीपाशी बसवून चहा द्यायची आणि म्हणायची, "बाई, तुमच्या घरचे तुमाले काही म्हनत नाही का जी? दिवसभर चिखलात राहता." मी हसायची. आठवड्यातून दोनदा जायची. मला पाहिलं की जोडी उठून लांबच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जायची आणि तिथून ओरडत राहायची. मी अंड्यांची मापं घ्यायची, मग एकेक अंडं पाण्याच्या डब्यात सोडायची. अंडं बुडतं की तरंगतं, यावरून आतलं पिल्लू किती दिवसांचं आहे ते कळतं. अर्धा तास सहज जायचा. जोडी घरट्यावर परत कधी येते हे पाहायला मी कधीच थांबले नाही, कारण गोंदियाची शेवटची बस चुकली असती.

एका सकाळी घरटं रिकामं दिसलं. दोन्ही अंडी नव्हती. धुऱ्यावर पायांचे ठसे होते. शेताच्या धुऱ्यावर शेताच्या मालकाचे पाय उमटणारच, एवढा साधा विचार मला तेव्हा सुचला नाही. वनरक्षकानं विचारलं, "क्या लगता है मॅडम, कोन नेलं असंल?" मी म्हणाले, "माणसाचा हात दिसतो."

एवढंच म्हणाले. त्यावर त्या शेतकऱ्याला दोनदा बयानाला बोलावलं गेलं. काही सिद्ध झालं नाही, प्रकरण तिथंच थांबलं. माझ्या प्रबंधात आणि पुढे एका शास्त्रीय मासिकात छापलेल्या लेखात मात्र अंडी नष्ट होण्याचं मुख्य कारण म्हणून स्थानिक माणसांकडून होणारी चोरी नोंदली गेली आणि परीक्षकांना तो भाग फार आवडला.

त्याच हिवाळ्यात त्या गावातल्या शाळेच्या मैदानावर वनविभागासोबत आम्ही कार्यक्रम घेतला. ज्यांच्या शेतात सारसाची पिल्लं निघाली होती त्या शेतकऱ्यांना शाल-श्रीफळ दिलं. मला माईक दिला. मी म्हणाले, "ज्यांच्या शेतातून अंडी गेली, त्यांनी आपल्या मनाला विचारावं." नाव घेतलं नाही. गरज नव्हती, सगळ्यांच्या माना मागे वळल्या. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याची बायको बायकांमध्ये बसली होती, ती उठून गेली. मी ते पाहिलं आणि बोलत राहिले.

ही गोष्ट मी कुणाजवळ बोलले नाही. बोलण्यासारखं त्यात काही आहे असंही मला वाटत नव्हतं. गोंदियाच्या एका कॉलेजात नोकरी लागली, फुलचूरला घर झालं, सारसांवरच्या समित्यांवर नाव येऊ लागलं. कधीतरी त्या बाईचं उठून जाणं डोळ्यांपुढे यायचं आणि मी दुसऱ्या कामाला लागायची. चोराच्या बायकोला लाज वाटली, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थिनीनं घरट्याजवळ आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावला. तिचा प्रश्न वेगळा होता. दिवसातून किती वेळ अंडी उघडी पडतात, एवढंच तिला मोजायचं होतं. तिच्यासोबत मापं घ्यायला एक दिवस मीही गेले होते. त्या घरट्यातलं एक अंडं दुसऱ्या दिवशी गायब दिसलं. मी सवयीनं म्हणाले, "बघ, आजूबाजूला चौकशी कर. कोणाचा हात आहे ते कळेल."

आठवड्यानं ती लॅपटॉप घेऊन स्टाफरूममध्ये आली. दार लोटून घेतलं.

"मॅडम, फोटो बघून घ्या. मी आधी कोणालाच दाखवले नाहीत."

पहिल्या फोटोत एक पाठमोरी बाई धानातून चालली होती. हातात पाण्याचा डबा. मला आधी ओढणी ओळखू आली, मग मी. पुढच्या फोटोत बाई नव्हती. काठीवर, चिंधीच्या अगदी वर, कावळा बसला होता. कोपऱ्यात वेळ उमटलेली होती. मी गेल्याला चार मिनिटं झाली होती. तिसऱ्या फोटोत तो घरट्यावर होता, मान खाली. चौथ्या फोटोत दोन कावळे. त्यानंतर बऱ्याच वेळानं सारसांची जोडी आली.

मी म्हणाले, "परत लाव."

तिनं लावले. मी पुन्हा म्हणाले, "परत." किती वेळा ते आठवत नाही. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती. मी त्या सायीकडे पाहत होते.

"आणखी दोन घरट्यांवर हेच दिसते," ती हळू आवाजात म्हणाली. "काठी लावली तिथं. कावळ्यांना ठाऊक झालं आहे मॅडम. माणूस काठीजवळ आला की सारस उठतात. कावळे मागच्या मोहाच्या झाडावर बसूनच असतात." मग थांबून म्हणाली, "लिहू का मी हे?"

"लिही."

"युक्ती तुमची आहे म्हणून विचारलं."

"लिही म्हटलं ना."

घरी आले आणि पलंगाखालची जुन्या डायऱ्यांची पेटी ओढली. मी काय शोधत होते ते मला माहीत होतं. काठ्या लावलेल्या घरट्यांची यादी काढली. बहुतेकांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "अंडी नाहीत." ज्या घरट्यांपर्यंत चिखलामुळे मला पोचताच आलं नव्हतं, ज्यांना मी नुसतं दुर्बिणीतून पाहिलं होतं, तिथं पिल्लं निघाली होती. तिथल्याच शेतकऱ्यांना आम्ही शाली दिल्या होत्या. माझा पाय ज्यांच्या शेताला लागला नाही, ते दक्ष शेतकरी ठरले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःला अजाण म्हणवून घेतलं असतं. पण त्या रिकाम्या घरट्याच्या पानावर, खाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. "शेतमालक म्हणतो, तुम्ही गेल्या की कावळे येतात. विश्वास ठेवण्याजोगं नाही."

त्यानं मला सांगितलं होतं. मी ते लिहून घेतलं होतं आणि विसरून गेले होते. ती ओळ वाचून मी जमिनीवर बसले ती संध्याकाळपर्यंत उठलेच नाही. नवऱ्यानं दिवा लावला, काय झालं विचारलं. मी म्हणाले, पाठ दुखते.

दिवाळीनंतर, धानाची कापणी आटोपल्यावर मी त्या गावी गेले. तो खळ्यात होता, केस पांढरे झालेले. बायको सुपानं धान उफणत होती. तिनं मला लगेच ओळखलं आणि पाठ फिरवून काम चालू ठेवलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. फोटो दाखवले. त्यानं मोबाइल हातात घेतला नाही, लांबूनच पाहिला.

"आता फोटो निंगाला तवा खरं झालं," तो म्हणाला. "मी तोंडानं सांगतलो तवा नाही झालं."

"माझी चूक झाली. मी त्या मासिकात दुरुस्ती छापून आणते. प्रबंधाच्या प्रतीलाही जोडते."

"ते कोन वाचते जी?"

मी मोबाइल पिशवीत ठेवला.

"मी त्या गार्डालेही सांगतलो होतो, कावळा नेला म्हनून. तो म्हने, मंग घेऊन ये त्याले, सही करून जाईल." तो जरासा हसला. "आपल्या गोरेगावच्या बाजारात अजून विचारते लोक. क्या अंडेवाले, क्या भाव लगाया? आता त्याइच्या पोरायलेही तेच नाव माहीत आहे."

बायको सूप खाली न ठेवता बोलली. "घरात चहा पाजला तुमाले. माह्या लुगड्यानं डोकं पुसलं तुमी. येकदा विचारलं असतं का बाई, खरं काय. काऊन नाही विचारलं?"

"मला वाटलं..." मी म्हणाले. तिनं सुपात पुन्हा धान भरलं.

मग मी विचारलं, त्या बांधीत अजूनही दरसाल घरटं होतं का. शास्त्रज्ञाची सवय, तेवढ्यातही विचारलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुठून होईल?" तो म्हणाला. "दरसाली येते ते जोडपं. तणस जमा करून राहिले दिसले का मी टिनाचा डबा वाजवतो. दोन-तीन दिवस वाजवलं का जाते. घरटं नाही तं चोरी नाही."

मला वाटत होतं, माझ्यामुळे दोन अंडी गेली आणि एका माणसाचं नाव गेलं. इतक्या पावसाळ्यांत न झालेल्या घरट्यांचा हा हिशोब माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी विचारलं, "मी काय करू?"

"जिथं बोलल्या तिथं बोला."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत बोलू द्या म्हणून मी सरपंचांकडे गेले. ते म्हणाले, "जुनी गोष्ट कायले उकरून राहिल्या मॅडम? तुमचीच बदनामी होते." मी म्हणाले, माझीच व्हायला पाहिजे. त्यांनी खांदे उडवून विषयांच्या यादीत शेवटी नाव घातलं.

तेच मैदान होतं. फवारणी आणि नालीचे विषय संपेपर्यंत लोक उठायला लागले होते. मी माईक घेतला आणि या वेळी त्याचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. म्हणाले की त्यानं अंडी नेली नाहीत. माझ्या काठीमुळे आणि माझ्या येण्याजाण्यामुळे कावळ्यांनी ती खाल्ली. त्यानं मला तेव्हाच खरं सांगितलं होतं आणि मी ते मानलं नाही. या गावात त्याच्याबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं.

मग समोर बसलेले एक म्हातारे बाबा, ज्यांना तेव्हा शाल मिळाली होती, विचारू लागले, "मंग आमाले शाली वापस करा लागते का?"

लोक हसले. मलाही क्षणभर हसू आल्यासारखं झालं आणि लगेच रडू आलं. ते मी गिळलं, कारण तिथं रडले असते तर सगळे माझीच समजूत घालत बसले असते. तो शेतकरी मात्र हसला नाही. या वेळी तो पुढच्या रांगेत होता, बायको शेजारी. ती माझ्याकडे सरळ पाहत होती. माफीचं त्या नजरेत काही नव्हतं. तपासून पाहावं तसं ती पाहत होती, मी सगळं बोलते की काही गाळते.

सभा संपल्यावर तो माझ्या गाडीपाशी आला.

"यंदा डबा वाजवत नाही," म्हणाला. "येऊ द्या त्यायले. पन तुमी येऊ नका. तुमचे पोरंपोरी पन नाही पाठवाचे. काठी नाही, कॅमेरा नाही, काईच नाही."

मी हो म्हणाले. विद्यापीठाला कळवलं की त्या गावातल्या घरट्यांची नोंद या वर्षीपासून आमच्याकडे नसेल. कारणही लिहिलं. मासिकाला पाठवलेल्या दुरुस्तीचं उत्तर अजून आलेलं नाही. माझ्या विद्यार्थिनीनं तिच्या अहवालात काठीचं प्रकरण जसंच्या तसं लिहिलं आहे, माझ्या नावासकट.

आता रोवणे संपत आले आहेत. कॉलेजातून परतताना दवनीवाड्याकडे जाणारी बस समोरून जाते. त्या बांधीत घरटं झालं की नाही, मला ठाऊक नाही. मी कुणाला विचारलं नाही.