शेवटच्या दारामागचं 'एनजी'

लिफ्ट मध्येच बंद पडली की आमच्या बिल्डिंगमधल्या बायका देवाचं नाव घेतात, मी मेंटेनन्सवाल्याला फोन लावते. यावरून माझा स्वभाव कळावा. या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी डबा खाताना करमणूक म्हणून वाचते. आज स्वतःचाच लिहून पाठवतेय... भीती फारशी नाही वाटत. लाज वाटते.

आम्ही दिघीत राहतो. मी चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे, म्हणजे गाड्यांचे पार्ट तपासायचे. चांगला पार्ट 'ओके', खराब 'एनजी' — नो गुड. त्याला लाल टॅग लावून लाल बिनमध्ये टाकायचं. पूर्ण तपासल्याशिवाय टॅग लावायचा नाही, आणि ज्याने लावला त्यानेच पुन्हा तपासून काढायचा. नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते.

माझी मुलगी स्नेहल. आयटीतली चांगली नोकरी सोडून तिने पिंपळे गुरवला दोन मैत्रिणींबरोबर एक गेम बनवला. मारामारीचा नाही, मनाशी खेळणारा, थ्रिलर. एक मुलगी रिकाम्या घरात एकेक दार उघडत जाते, आणि पलीकडच्या खोलीत कोणीतरी वावरतंय असं तिला सारखं वाटत राहतं. गेममध्ये कोणी एक शब्द बोलत नाही. ती शांतता त्यांनी मुद्दाम ठेवलेली.

गेम बाजारात आला तेव्हा तिने तो हॉलमधल्या कॉम्प्युटरवर टाकून दिला. म्हणाली, "आई, तू खेळ. बाकीचे तोंडावर गोड बोलतात, तू खरं सांगशील."

गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, दुपारी मी एकटीच घरी होते. बसले खेळायला. दोन दारं उघडली, तिसरं काही केल्या उघडेना. कंटाळले. यासाठी हिने नोकरी सोडली, असं मनात आलं... गेम बंद केला आणि सवयीने तोंडातून निघालं — "एनजी." चांगलं मोठ्याने. डोक्यावर आमचा जुना पंखा करकरत होता, ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळी स्नेहलने विचारलं, "खेळलीस?"

"हो. पूर्ण."

"आणि शेवट?"

"छान आहे."

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "घ्या! क्वालिटी मॅडमनी पास केला. आता कोणाच्या बापाला भ्यायचं नाही."

स्नेहल हसली. मी कणीक मळायला उठले.

मग लोकांचे अभिप्राय यायला लागले. चहा पिताना ती मोबाइलवरून वाचून दाखवायची. "स्टोरी स्लो आहे, पण डोक्यातून जात नाही." "दारं उघडून हात दुखले राव, नुसता टाइमपास." "भावा, घरात एकटा असशील तर खेळू नको." ती शिव्यांनाही हसायची. एक दिवस वाचलं, "शेवटचं दार उघडल्यावर मागून एक बाई 'एनजी' म्हणते... काटा आला अंगावर."

स्नेहल थांबली. "आम्ही असं काही टाकलेलंच नाहीये."

माझा कप हातातच राहिला.

पुढच्या काही दिवसांत आणखी लोकांनी तेच लिहिलं. सगळ्यांना ऐकू येत नव्हतं, पण ज्यांना यायचं त्यांना त्याच जागी. मग अर्थावरून वाद. एकाने लिहिलं, "एनजी म्हणजे 'नको गं' असणार. आई सांगतेय, नको गं, उघडू नको. मी तर रडलो." त्यावर चाकणजवळच्या कुरुळीचा एक जण, "कसलं नको गं! आमच्या लाइनवर येऊन बघ. एनजी म्हणजे रिजेक्ट." आणि त्याच्याखाली तिसरा, "आई पोरीला रिजेक्ट म्हणतेय? मग खरी हॉरर हीच."

हे वाचताना स्नेहलने माझ्याकडे बघितलं नाही.

शेवटी एका खेळणाऱ्याने रेकॉर्डिंगच टाकलं. तिने ते माझ्यासमोर लावलं. आवाज माझा होता. मागे पंख्याची करकर.

"आई, ही तू आहेस."

"काहीतरीच. चाकणमध्ये काय मी एकटीच एनजी म्हणते?"

"आणि पंखा?"

मी म्हटलं, सगळ्यांचे पंखे करकरतात.

आडून आडून चौकशी मी केलीच. त्या कॉम्प्युटरला माइक नाही. मी हात लावायच्या आधीच गेम लोकांकडे गेला होता. तिघी मुलींनी सगळे आवाज पुन्हा तपासले, कुठेही काही सापडलं नाही. आणि मुख्य म्हणजे, शेवटच्या दारापर्यंत मी पोचलेच नव्हते!

पुढच्या गुरुवारी मी गेम पूर्ण खेळले. शेवटच्या दारामागे फक्त एक खुर्ची आहे. मुलगी तिच्यावर येऊन बसते आणि आपल्याकडे बघत राहते. पुढे काहीच होत नाही. आपण काहीतरी म्हणावं म्हणून ती थांबलेली असते, आणि आपण बंद करेपर्यंत तशीच बसून राहते. मला काहीही ऐकू आलं नाही. त्या मुलीला नेमकं याच जागी लोकांसमोर माझा शब्द ऐकावा लागत होता.

जेवताना मी सांगून टाकलं. "तेव्हा मी पूर्ण खेळले नव्हते. तो आवाज माझाच."

"पूर्ण खेळली नाहीस ते त्याच दिवशी कळलं होतं," स्नेहल म्हणाली. "तुला विचारण्याआधीच बघितलं होतं, गेम तिसऱ्या दाराशीच सेव्ह झालेला."

म्हणजे तेव्हा ती हसली, ती हे माहीत असताना.

"आज पूर्ण खेळले. ओके आहे. खरंच ओके आहे गं."

"बरं," म्हणाली, आणि आमटी वाढून घेतली.

आता गुरुवारी घरी कोणी नसलं की मी खेळते. मुलगी खुर्चीत बसली की मोठ्याने 'ओके' म्हणते. पंखाही बदलला. अभिप्राय अजून येतात, 'एनजी' अजून ऐकू येतं, करकरीसकट. 'ओके' आजवर एकालाही ऐकू आलेलं नाही. माझा शब्द तिथे कसा पोचला हे मला माहीत नाही, आणि टॅग मी लावला असून माझ्याच हाताने निघत नाही.

वाचकांपैकी कोणी हा गेम खेळलात आणि शेवटच्या दारामागे 'ओके' ऐकू आलं, तर तिथेच अभिप्रायात लिहा. मला कळवू नका. तिथलं स्नेहल वाचते.