फटफटीवाल्याचा कोट

जुना लष्करी कोट पलंगावर पसरला की मला पेंग येते. रबराचा, कापराचा आणि ट्रंकेत कोंडलेल्या हवेचा वास नाकात शिरतो, खडकीतली दुपार डोळ्यांवर उतरते, आणि मी कुठल्यातरी अनोळखी रस्त्यावरून जात राहतो. धुकं असतं, तोंडावर वारा असतो, कुठे पोचायचंय ते ठाऊक नसतं. बायको म्हणते, "बसले परत मेलेल्यांचे कोट कुरवाळत!" म्हणू दे. सगळी नोकरी मी लष्करी कपड्यांच्या कोठारात तपासनीस म्हणून केली. आता लोक असले कोट घेऊन येतात, अस्सल आहे का आणि किंमत काय ते विचारायला. लढाईत मोटारसायकलवरून निरोप पोचवणाऱ्या शिपायांचे कोट त्यात सगळ्यात दुर्मीळ. मी या सल्ल्याचे पैसे घेत नाही, त्यामुळे तिरकं बोलायची मुभा राहते.

गेल्या हिवाळ्यात धायरीहून एक बाई आल्या. पंचाहत्तरी उलटलेली, हातात चादरीचं गाठोडं.

"माझ्या वडलांचा हाय," त्या म्हणाल्या. "अण्णा म्हणायचे, लढाईत फटफटीवरून चिठ्ठ्या पोचवायचो."

"अहो, सगळ्यांचेच वडील लढाईत शूर असतात," मी म्हणालो. जिभेला हाड नाही, दुसरं काय.

त्या रागावल्या नाहीत. सावकाश सांगत राहिल्या. बाहेर कारखान्याचा भोंगा लांबत लांबत विरून गेला, फरशीवरचं ऊन पलंगाच्या पायापर्यंत सरकलं, तरी मी ऐकतच होतो. गावात अण्णांवर कुणाचा विश्वास नव्हता. जन्मभर बैलगाडी हाकणारा माणूस, म्हणे फटफटी चालवायचा! कोट बाजारातून आणला असेल, असं लोक म्हणत. एकदा शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या. अण्णांनी हौसेनं कोट काढला, गोष्ट सुरू केली, आणि मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. लाजेनं या बाईंनीच म्हटलं, "अण्णा, थापा नका मारू." त्यानंतर मरेपर्यंत अण्णांनी ती गोष्ट सांगितली नाही.

"घरचे म्हणत्यात, इकून टाक. किंमत काय ती सांगा. पण आधी मला एवढंच कळू द्या, ते खरं बोलत होते का?"

मी कोट पसरला. जाड कापड, आतून रबराचा थर. खालचा घेर पुढून दुभंगलेला, दोन्ही भाग मांड्यांभोवती गुंडाळून टिचबटणांनी आवळायची सोय, म्हणजे गाडीवर कोट वाऱ्यानं उडत नाही. गळ्याशी बाणाचा सरकारी शिक्का. अस्सल माल! मी सुखावलो. मग काखेखाली दुसरा शिक्का दिसला, कंडम ठरवल्याचा. असले शिक्के मी स्वतः ढिगानं मारलेत. कंडम माल लिलावात जातो आणि तिथून बाजारात.

"लिलावातला आहे," मी सांगून मोकळा झालो. "वडिलांनी विकत घेतला असणार."

"बरं," त्या म्हणाल्या. चादरीची घडी घालायला लागल्या, पण टोकं काही केल्या जुळेनात. मला फार वाईट वाटलं. पण शिक्का म्हणजे शिक्का.

निदान किंमत तरी नीट सांगावी म्हणून मी खराबी बघायला घेतली. उजव्या भागाला, खाली, तळहाताएवढं रबर वितळून कडक झालं होतं. "यानं किंमत निम्मी होते," म्हणता म्हणता मी थांबलो. सायलेन्सर! त्या जुन्या गाड्यांचा उजवीकडे असायचा. म्हणजे हा कोट गाडीवर बसलेला होता. आणि अरे देवा, आमच्याच कोठारातली एक जुनी रीत आठवली, थोरल्यांकडून ऐकलेली. धड कोट परत करावाच लागे. पण जळलेला कोट शिपायाला घरी न्यायचा असेल, तर त्यावर कंडमचा शिक्का मारून त्यालाच देत, गेटवर चोरीचा आळ नको म्हणून. आयुष्यभर शिक्के मारले आणि हेच विसरलो. गाढव कुठला!

पण तो शिपाई म्हणजे यांचेच अण्णा कशावरून?

"वडिलांच्या पायाला कधी भाजलं होतं का?" मी विचारलं.

बाईंचे हात थांबले. "उजव्या पोटरीला. फटफटीचा चटका म्हणायचे. आम्ही म्हणायचो, गुऱ्हाळात काहिलीला पाय लागला असंल."

मी त्यांचा हात धरून त्या वितळलेल्या जागेवर ठेवला आणि झालेली चूक कबूल केली. "खरं बोलत होते हो ते. अक्षर न् अक्षर खरं."

किंमत मी सांगितली नाही, त्यांनीही विचारली नाही. कोट त्यांनी मांडीवर ओढून घेतला. मग अगदी हळू, मी खोलीत नसल्यासारख्या, त्याच्याशीच बोलल्या, "अण्णा, सांगा की. कशी चालवायचा फटफटी? मी ऐकते."