गुलाल थापलेला पंप

आमच्या फोरमनसाहेबांना फुंकर मारणाऱ्या माणसाचा भयंकर राग यायचा. चहावर मारली तरी डोळे वटारत. मूळचे धारचे, अणुवीज केंद्रात नोकरी करून सत्तरच्या दशकाच्या शेवटी देवासच्या आमच्या कारखान्यात आले. फिटर माणूस नटावरची धूळ फुंकरीनेच उडवणार. पण केंद्रातली धूळ किरणोत्सर्गी. उडाली की थेट छातीत जाऊन बसते.

त्या केंद्रातला एक जुना पंप सुटा करून बाहेर काढायचा होता. काम आमच्या कारखान्याला मिळालं, आम्हा सहा फिटरांवर आलं आणि घरोघरी अन्न गोड लागेना. माझ्या आईने तर साफ नाही म्हणून सांगितलं. साहेब स्वतः घरी आले. "वहिनी, जसा नेतो तसा तुमच्या दारात आणून उभा करीन."

"भावजी, एकुलता एक आहे हो," आई एवढंच म्हणाली, पण मग तिने अडवलं नाही. साहेब चहा न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी तालीम सुरू. साहेबांनी तसाच एक पंप कारखान्यात उभा केला आणि रंगपंचमीचा उरलेला गुलाल त्याला थापला. पंप सुटा झाल्यावर कुणाच्या अंगावर गुलाल दिसला, की पुन्हा पहिल्यापासून! सवय मोडावी म्हणून मास्क मुद्दाम दिले नव्हते. मी फुंकर मारली नि मिशीसकट गुलाबी झालो.

"वा! वरात कुठे निघाली?" साहेबांनी विचारलं.

शेजारचा मालवी फिटर खिदळला, "भिया, अब तो घोड़ी भी मंगा लो!" साहेबांनी त्याला पाठ फिरवायला लावली. तीही गुलाबी होती.

दुसरी सवय मोडणं त्याहून अवघड. आत किरणोत्सर्गामुळे प्रत्येकाला मोजकीच मिनिटं, साहेब "बस्स!" म्हणाले की पान्हा जागीच ठेवून बाहेर. अर्धवट सैल बोल्ट सोडणं म्हणजे फिटरने भरल्या ताटावरून उठणं. "बोल्ट कुठे पळत नाही. तू पळ," साहेब म्हणत.

प्रत्यक्ष कामात शेवटचा बोल्ट माझ्याच वाट्याला आला. एक आटा उरला आणि "बस्स!" ऐकू आलं. हात असे शिवशिवले! पण पान्हा ठेवला नि मुकाट्याने बाहेर आलो. पुढच्याने तो आटा काढला, पंप प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर निघाला. मग आम्ही एकेक तपासणीच्या यंत्रावर उभे राहिलो. सहाच्या सहा स्वच्छ!

"भिया, देवास जीत गया!" मालवी फिटर ओरडला. आम्ही साहेबांना खांद्यावर घेतलं. ते रागावल्यासारखं करत होते, पण खाली उतरवा म्हणाले नाहीत.

देवासला उतरल्यावर साहेब तडक माझ्याबरोबर घरी आले. "वहिनी, नीट बघून घ्या."

आई भाकरतुकडा घेऊन उंबऱ्याशी आली. मी ऐटीत पुढे सरकलो, तर तिने मला बाजूला सारलं.

"तू थांब रे. आधी भावजी."